दारूमुक्तीची सभा : आपल्याला मानवेल अशी कशी शोधाल?



या पानावर आपण नेहमी बी-बियाणे, खते आणि रोग-किडींविषयी वाचता. आजचा विषय वेगळा आहे. पण तो शेतीच्या बांधाबाहेरचा नाही. विस्तार अधिकारी म्हणून शिवारे हिंडताना एक गोष्ट वारंवार दिसते. जमीन चांगली, विहिरीला पाणी, पीकही बरे; तरी घर काही वर येत नाही. पीकच बरे असल्यावर त्याचे कारण माती परीक्षणात सापडत नाही. ते सापडते संध्याकाळी, गुत्त्याच्या बाकावर.

दारू वाईट आहे हे सांगण्यासाठी मी लिहीत नाही. पिणाऱ्याला ते इतर कोणाहीपेक्षा जास्त कळलेले असते. त्याने ग्रामदैवतापुढे शपथ घेतलेली असते, लेकराच्या डोक्यावर हात ठेवलेला असतो. दारू आठ दिवस सुटते, महिना सुटते, आणि एखाद्या वरातीत पुन्हा लागते. अनेकांना सोडणे जमते. जमत नाही ते सुटलेली ठेवणे. सुटलेली ठेवण्यासाठी जो आधार लागतो, त्यात दारू सोडलेल्या माणसांची सभा हा मोठा आधार आहे. अशी सभा कशी शोधावी, कशी पारखावी आणि आपल्याला मानवणारी कशी निवडावी, एवढेच आज सांगायचे आहे. ज्याला सोडायची आहे त्याने हे वाचावे; त्याला वाचवत नसेल तर घरातल्या कोणी वाचून दाखवावे.

सभा म्हणजे काय?

अशा सभांपैकी सर्वांत जुनी आणि सर्वदूर पसरलेली संघटना म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. आपल्याकडे तिला नुसते ‘एए’ म्हणतात. तिचा जन्म अमेरिकेतील ॲक्रन या गावी १९३५ साली झाला. बिल विल्सन नावाचा, दारूने धंद्यातून उठलेला एक गृहस्थ कामासाठी त्या गावी आला होता. त्याची दारू नुकतीच सुटली होती. काम फसले, मन खचले आणि हॉटेलातल्या दारूच्या बारकडे पाय वळू लागले. तेव्हा त्याच्या लक्षात आले की, आपल्याला या क्षणी उपदेशक नको. आपल्यासारखाच दुसरा दारुडा बोलायला हवा. त्याने टेलिफोन करून करून असा माणूस शोधला. ते होते डॉ. बॉब स्मिथ, व्यवसायाने शल्यविशारद आणि पक्के पिणारे. पंधरा मिनिटांच्या बोलीवर ते बसले आणि कित्येक तास बोलत राहिले. डॉ. बॉब यांनी १० जून १९३५ पासून दारूला स्पर्श केला नाही. तो दिवस एएचा स्थापनादिन मानतात. भारतात हे काम १९५७ साली सुरू झाले. आज महाराष्ट्रातील आणि गोव्यातील शहरांत आणि बऱ्याच तालुक्यांच्या गावी अशा सभा भरतात.

या हकिगतीतली मुख्य गोष्ट ध्यानात ठेवा : पहिली सभा दोनच माणसांची होती, आणि ती शोधावी लागली होती.

सभेला पैसे पडत नाहीत. नोंदवही नसते, हजेरी नसते. सभासद होण्यासाठी एकच अट असते. दारू सोडण्याची इच्छा. साधारण तास-दीड तास माणसे गोल बसतात. सुरुवातीला छोटी प्रार्थना होते. मग एकेक जण स्वतःचे नाव सांगतो, ‘मी दारुडा आहे’ असे म्हणतो आणि आपली हकिगत सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. शेवटी एक डबा फिरतो. त्यात ज्याला जमेल त्याने खोलीभाडे आणि चहासाठी चार पैसे टाकायचे. नवख्याने काही टाकले नाही तरी चालते, आणि तो बोलला नाही तरी चालते. नुसते ऐकायला बसावे.

सभा दोन प्रकारच्या असतात. खुल्या सभेला कोणीही येऊ शकतो. बायको, भाऊ, डॉक्टर, शिक्षक. बंद सभा फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. पहिल्यांदा जाणाऱ्याला सोबत हवी असेल तर खुली सभा कोणती ते आधी विचारून जावे.

एएशिवाय इतरही गट आहेत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची सुरुवात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी केली, त्यासाठी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा हात लागला. उपचार घेऊन गेलेल्यांच्या पाठपुराव्यासाठी तिथे गटसभा असतात. अशी पाठपुराव्याची सोय ठेवणारी इतर केंद्रेही आहेत. केंद्र आणि सभा यांत मात्र घोटाळा करू नये. केंद्र म्हणजे काही आठवडे राहून उपचार घेण्याची जागा. सभा म्हणजे घरी परतल्यावर वर्षानुवर्षे चालवायची रीत. रोपवाटिकेतून रोप आणले म्हणजे बाग उभी राहिली असे होत नाही. पुढची निगा वेगळी असते.

सभेच्या आधी डॉक्टर

इथे एक सावधगिरी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जो रोज भरपूर पितो, सकाळी उठल्यावर घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात, त्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच थरथर, घाम, उलट्या, झोप न लागणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखे वाटते. यात जीवही जाऊ शकतो. याला ‘बाहेरची बाधा’ समजून देवऋषाकडे नेण्यात वेळ घालवू नका. सरकारी किंवा खाजगी रुग्णालयात न्या आणि रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, ते न लपवता सांगा. हे चार-पाच दिवस औषधांनी सुखरूप पार पाडता येतात. सभा त्यानंतर किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच सुमारास.

दुसरे असे की, ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतील पुड्या भाजीत कालवू नका. दारू सोडवण्याची डायसल्फिरामसारखी काही औषधे अंगात असताना दारू घेतली, तर रक्तदाब उतरून प्राणावर बेतू शकते. असे औषध फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याला पूर्ण कल्पना देऊनच द्यायचे असते.

गुण किती येतो?

वाण नवा असला की आपण विचारता, ‘साहेब, चाचणीत उतारा किती आला?’ इथेही तो प्रश्न विचारणे रास्त आहे. २०२० साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास तपासले. त्यांत साडेदहा हजारांवर माणसे होती. एएच्या मार्गाने आणि एएला जोडून देणाऱ्या उपचाराने गेलेल्यांपैकी बारा महिन्यांनंतर शंभरात ४२ जण दारूपासून पूर्ण दूर होते. इतर उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण शंभरात ३५ होते. म्हणजे सभा ही जादू नव्हे. सर्वांना गुण येतो असेही नाही. पण बिनखर्चाच्या आणि जन्मभर मिळणाऱ्या उपायाने एवढा फरक पडत असेल, तर तो सोडून देण्यासारखा खचित नाही.

एका नमुन्यावर निकाल देऊ नका

माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा हे आपल्याला माहीत आहे. एका जागचा एकच खड्डा खणून चालत नाही. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्यायची. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची टाळायची. सभेचेही असेच आहे. एका सभेला गेलो, मन रमले नाही, म्हणून ‘सभा आपल्या कामाची नाही’ असा निकाल देणे चुकीचे आहे. निदान पाच-सहा सभांना जावे, त्याही शक्यतो दोन-तीन वेगळ्या गटांच्या. एखाद्या दिवशी सभा नीरस असते, एखाद्या दिवशी बोलणारे लांबण लावतात. तो दिवस उकिरड्याजवळचा नमुना समजावा.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका द्राक्षबागायतदाराची हकिगत सांगतो. त्यांच्या संमतीने सांगतो, नाव-गाव वगळून. केंद्रातून घरी आल्यावर ते जिल्ह्याच्या ठिकाणी एका सभेला गेले. तिथे बहुतेक सभासद इंग्रजीत बोलत होते. कोणी क्लबातले सांगे, कोणी ऑफिसातले. माणसे चांगली होती, त्यांनी हात धरून खुर्चीवर बसवले. पण या गड्याला अर्धे कळले नाही. ‘ते आपले नव्हे’ म्हणत ते परतले आणि तीन आठवड्यांत पुन्हा पिऊ लागले. त्या वर्षी छाटणी वेळेवर झाली नाही, बागेवर डाऊनी आला आणि सोसायटीचे कर्ज थकले. आठ महिन्यांनी एका एसटी ड्रायव्हरने त्यांना शेजारच्या तालुक्याला, बाजारच्या दिवशी शाळेच्या खोलीत भरणाऱ्या सभेला नेले. तिथे एक ऊसतोड मुकादम बोलला. कारखान्याकडून घेतलेली टोळीची उचल त्याने दारूत कशी उडवली आणि नंतर तोंड लपवून कसा फिरला, ते त्याने सांगितले. आमचे बागायतदार म्हणाले, ‘साहेब, त्या दिवशी मला वाटले, हा माझीच गोष्ट सांगतोय.’ आज त्यांना दारू सोडून सहा वर्षे झाली आहेत. पहिली सभा वाईट नव्हती. ती त्यांना मानवणारी नव्हती, इतकेच.

सभा पारखण्याच्या सात कसोट्या

१) पोहोच. सर्वांत चांगली सभा म्हणजे ज्या सभेला तुम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊ शकता ती. साठ किलोमीटरवरच्या नामांकित सभेला महिन्यातून एकदा जाण्यापेक्षा, पंधरा किलोमीटरवरच्या साध्या सभेला दर आठवड्याला जाणे बरे. जाण्याची गाडी सगळेच बघतात; आधी बघावी ती परतीची शेवटची गाडी. ती चुकली की माणूस स्टँडवर अडकतो, आणि स्टँडच्या आसपास काय असते ते सांगायला नको. मोटारसायकलने जायचे तर परतीचा रस्ता जुन्या अड्ड्यावरून जाणारा नसावा.

२) वेळ. शेतकऱ्याची वेळ घड्याळावर कमी आणि पाणी-विजेवर जास्त चालते. रात्रपाळीची वीज असेल त्या आठवड्यात संध्याकाळची सभा जमणार नाही. म्हणून एक सभा कायमची धरावी आणि दुसरी, वेगळ्या वाराची, राखीव ठेवावी. आठवडे बाजाराच्या दिवशीची सभा अनेकांना सोयीची पडते. जाणे-येणे त्याच खर्चात होते, आणि बाजारचा दिवस हाच पिण्याचाही दिवस असल्याने दुहेरी लाभ होतो.

३) भाषा. जी भाषा भांडताना आणि रडताना तोंडी येते, त्या भाषेची सभा शोधा. शहरांत इंग्रजी, हिंदी, मराठी अशा वेगवेगळ्या भाषांच्या सभा असतात. चौकशी करताना ‘मराठी सभा कोणत्या वारी?’ असे स्पष्ट विचारावे.

४) माणसे. गटात दोन्ही असावेत. पाच-दहा वर्षे न प्यायलेले जुने, आणि दोन-चार महिन्यांचे नवे. सगळेच नवे असतील तर वाट दाखवायला कोणी नसते. सगळेच जुने असतील तर नवख्याला वाटते, हे देवमाणसे, आपले यात काय काम! आपल्यासारखे हातावर घट्टे असलेले एक-दोन जण दिसले तर उत्तम. पिणाऱ्या स्त्रियाही असतात आणि त्यांची लाज दुप्पट असते. त्यांनी आधी स्त्रियांची सभा आहे का ते विचारावे. नसेल तर ज्या गटात दोन-तीन बायका नियमित येतात तो निवडावा.

५) बोलण्याचा रोख. चांगल्या सभेत माणूस ‘मी’ असे म्हणून बोलतो. ‘तुम्ही असे करा’ म्हणून नाही. पिण्याच्या दिवसांचे पराक्रमच जिथे रंगवून सांगितले जातात, तिथून परतताना जीभ कोरडी पडते. सोडल्यानंतर आजचा दिवस कसा काढला, हे जिथे बोलले जाते ती सभा कामाची.

६) देवधर्म. एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे. पण तो ‘ज्याला जसा समजेल तसा’ असे म्हटले आहे. वारकऱ्याला तो विठ्ठल, कोणाला येशू, कोणाला अल्ला, आणि देव न मानणाऱ्याला समोर बसलेला गट हाच आधार. काही सभा चर्चच्या आवारात भरतात. त्याचे कारण बहुधा एवढेच की, तिथे खोली मिळाली. कोणी धर्म बदलायला सांगत नाही. गळ्यात तुळशीची माळ घालून दारू सोडलेले अनेक जण आपल्या गावांत आहेत. त्यांनी माळही ठेवावी आणि सभाही धरावी. दोन्हींचे भांडण नाही.

७) गुप्तता. सभेत ऐकलेले सभेतच ठेवायचे, हा नियम आहे. तो किती पाळला जातो हे सभा सुटल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर कळते. गावातल्यांनी पाहू नये म्हणून कोणी दोन स्टॉप पुढच्या गावची सभा धरतो. त्यात गैर काही नाही. पण लाजेपायी सभाच टाळणाऱ्याने एवढा विचार करावा : गुत्त्याच्या बाकावर बसलेले आपल्याला सगळ्या गावाने पाहिलेलेच आहे. मग सभेच्या बाकावर बसायला लाज कसली?

आणि इथून उठून यावे

ज्या सभेत प्रवेश फी मागतात, पुड्या-काढे विकतात, भिशी किंवा बचत योजना चालवतात, निवडणुकीची भाषा करतात, ती खरी सभा नव्हे. डॉक्टरांनी दिलेली मानसिक आजाराची, साखरेची किंवा फिटची औषधे बंद करा, असे कोणी सांगितले तर ऐकू नका; ते सभेचे काम नाही. सभेतल्या ओळखीवर उसने पैसे देऊ-घेऊ नका. त्यातून मनात अढी येते आणि माणूस पैशाबरोबर सभाही गमावतो.

पत्ता कुठे मिळेल?

जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात चौकशी करावी. जवळपासच्या सभांची माहिती तिथे बहुधा असते. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारावे. नशामुक्तीसाठी केंद्र सरकारचा बिनपैशाचा फोन क्रमांक १४४४६ आहे. एएच्या भारतातील संकेतस्थळावर गावोगावच्या सभा दिलेल्या असतात. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर ते काढून देईल. छापलेली वेळ बदललेली असू शकते. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे १९९३ पासून दारूबंदी आहे, तिथे २०१६ साली सुरू झालेल्या मुक्तिपथ अभियानाकडे चौकशी करता येते.

कोरोनाच्या साथीत, २०२० पासून, मोबाईलवरच्या सभा खूप वाढल्या. जवळ सभा नसेल, पावसाने रस्ता बंद असेल किंवा लागण-कापणीची घाई असेल, तेव्हा त्यांचा चांगला उपयोग होतो. पण जिथे समोरासमोरची सभा मिळते, तिथे तिची जागा मोबाईलला देऊ नये. पडद्यावरच्या माणसाला तुमच्या तोंडाचा वास येत नाही!

आपल्या भागात सभाच नसेल तर?

तर दोघांनी सुरू करावी. दारू सोडण्यासाठी एकत्र बसणारे दोन-तीन दारुडे म्हणजे गट, असे एएची परंपराच सांगते. मात्र दोघांपैकी एकाने आधी दुसऱ्या गावच्या सभेला काही महिने जाऊन रीत शिकून घ्यावी. शाळेची खोली, ग्रामपंचायतीचे सभागृह, देवळाची ओसरी. जागा कोणतीही चालेल. वार आणि वेळ ठरली की ती मोडू नये. एकटाच आला तरी त्याने तासभर बसावे. उद्घाटन, हारतुरे, फोटो आणि पुढाऱ्याचे भाषण यांची गरज नाही. जिथे व्यासपीठ आले, तिथे खरे बोलणे थांबते.

धोक्याच्या दिवसांचे वेळापत्रक

रोग येण्याआधी फवारणी, हे सूत्र आपण पाळतो. दारूचा हल्लाही हंगाम बघून येतो. त्याचे दिवस आपल्याला आधीच ठाऊक असतात. ते दिनदर्शिकेवर लाल पेन्सिलीने खुणावून ठेवा :

उसाचे बिल जमा होण्याचा दिवस. कांदा किंवा कापूस विकून हातात रोख येण्याचा दिवस. दुधाच्या पगाराचा दिवस. बैलपोळा, शिमगा, गावची यात्रा. लग्नातली हळद आणि वरात. आणि त्याउलट, गारपीट झाली, भाव पडला, बँकेची नोटीस आली, भावाशी बांधावरून भांडण झाले, तो दिवस.

या प्रत्येक दिवसाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सभा गाठावी. बिलाचे पैसे बायकोच्या किंवा वडिलांच्या खात्यावर वळवण्याची व्यवस्था स्वतःच करावी. स्वतः केली की तीत अपमान वाटत नाही. सभेतल्या तीन माणसांचे फोन नंबर जवळ ठेवावेत. एए सभेत जुना सभासद नव्याची जबाबदारी घेतो, त्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. पुरुषाने पुरुष निवडावा, स्त्रीने स्त्री. पेला हातात घेतल्यावर केलेला फोन उशिराचा असतो. पाय वळू लागले की फोन करावा. जन्मभराची शपथ घेऊ नये. आज नाही, एवढेच ठरवावे. उद्याचे उद्या.

आणि पाय घसरला तर? दुबार पेरणीची वेळ आली म्हणून कोणी शेत विकत नाही. पुन्हा पेरतो. तसेच पुढच्या सभेला जावे आणि जे झाले ते सांगावे. हसणारे तिथे कोणी नसते. कारण ती वाट त्यांच्याही पायाखालची आहे. मात्र पुन्हा रोजचे पिणे लागून हातांना थरथर सुटली असेल, तर आधी डॉक्टर.

भगिनींसाठी चार शब्द

त्याच्या दारूला तुम्ही कारण नाही. तुमच्या धाकाने ती थांबणार नाही आणि तुमच्या सेवेने ती बरी होणार नाही. तो आजार त्याचा आहे. पण त्याने तुमचेही मन पोखरलेले आहे. म्हणून घरच्यांसाठी वेगळ्या सभा असतात. बिल विल्सन यांच्या पत्नी लोईस यांच्या पुढाकाराने १९५१ साली सुरू झालेल्या या कुटुंबगटांना ‘अल-अनॉन’ म्हणतात. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. नवरा सभेला जावो वा न जावो, तुम्ही जाऊ शकता. कित्येक घरांत आधी बायको गेली आणि मागून नवरा.

त्याला सभेला चला म्हणायचे असेल तर तो प्यालेला असताना म्हणू नका. आणि चारचौघांत, पाहुण्यांसमोर तर नकोच. सकाळी, चहा झाल्यावर, शांतपणे वार, वेळ आणि गाडी सांगावी. तो सभेहून आल्यावर ‘काय बोललास?’ असे खोदून विचारू नये. जेवण वाढून ठेवावे. दारू सोडलेल्या माणसाला भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चार दारे उघडी असतात. त्यांतले एक तरी घरच्यांना बंद करता येते.

आणखी एक गोष्ट, जी मला या खात्यात असल्यामुळे सांगितलीच पाहिजे. घरात पिणारे माणूस असेल तर फवारणीची औषधे घरात, माळ्यावर, गोठ्यात उघडी ठेवू नका. ती कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या आणि उरलेली बाटली पुढच्या हंगामासाठी साठवू नका. नशेतला एक क्षण पुरतो. ‘आता जगून काय करू’ अशी भाषा सुरू झाली तर ती दारूची बडबड म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकटे ठेवू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा बिनपैशाचा क्रमांक १४४१६ आहे. २०२२ साली सुरू झालेल्या या सेवेवर रात्री-अपरात्रीही बोलता येते, मराठीतही बोलता येते. मारहाण होत असेल तर सभेची वाट न पाहता ११२ क्रमांकावर पोलिसांची मदत मागावी. सहन करणे हा उपचार नव्हे.

या आठवड्याचे काम

लेख वाचून बाजूला ठेवला तर त्याचा उपयोग नाही. म्हणून तीन कामे सांगतो. पहिले, वरच्यापैकी एका ठिकाणी फोन करून आपल्या टापूतल्या दोन सभांचा वार, वेळ आणि जागा वहीत लिहून घ्या. दुसरे, त्यांपैकी जिची परतीची गाडी मिळते ती या आठवड्यात धरा आणि मागच्या खुर्चीवर का होईना, शेवटपर्यंत बसा. तिसरे, उठताना एका माणसाचा फोन नंबर घ्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, मग दुसरा गट बघा. पाच-सहा सभा झाल्यावर निवड करा.

वाफसा आल्यावर पेरणी लांबवू नये, हे आपल्याला मी सांगायला नको. सोडावीशी वाटण्याचा वाफसाही फार दिवस टिकत नाही. तो आज आला असेल, तर याच आठवड्यातली सभा गाठा.